‘ऑफिसिनॅलिस’ म्हणजे ‘सिद्ध औषध’ नव्हे

शब्दशोधक

वनमालाताईंची एक पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. तिचा मथितार्थ असा की, ज्या वनस्पतीच्या शास्त्रीय नावात ‘ऑफिसिनॅलिस’ हे विशेषण आहे, तिला विज्ञानाने औषध म्हणून अधिकृत मान्यता दिलेली आहे, त्यामुळे ती निर्धास्तपणे घ्यावी. त्याखाली ‘फार उपयुक्त माहिती’ असे अभिप्राय पडत आहेत, आणि त्यातले काही जण अशा वनस्पतींची पाने उकळून पिणार हे उघड आहे. म्हणून सविस्तर लिहिणे भाग पडले.

लॅटिनमध्ये ‘ऑफिसिना’ म्हणजे कार्यशाळा. लोहार, मूर्तिकार, नाणी पाडणारे कारागीर जिथे काम करत ती जागा. या शब्दाच्या मुळाशी काम आणि करणे एवढेच आहे. आरोग्याचा त्यात मागमूस नाही. पुढे मध्ययुगीन युरोपातल्या मठांमध्ये मुळ्या, साली आणि राळ साठवण्याच्या व कुटण्याच्या खोलीला हे नाव मिळाले आणि तिथून ते औषधे विकणाऱ्यांच्या दुकानांकडे गेले. ‘ऑफिसिनॅलिस’ म्हणजे त्या खोलीतले, त्या दुकानात ठेवले जाणारे. वस्तू कुठे मिळत असे हे त्यातून कळते. तिचा गुण येत असे की नाही, याबद्दल ते विशेषण काहीही सांगत नाही.

वनस्पतींना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुळवणारा स्वीडिश शास्त्रज्ञ लिनिअस स्वतः वैद्य होता, 1741 पासून उप्साला विद्यापीठात वैद्यकाचा प्राध्यापक होता. 1753 मध्ये त्याने वनस्पतींना दोन शब्दी नावे दिली, तेव्हा औषधविक्रेत्यांच्या तोंडी असलेले हे विशेषण त्याने ढिगाने वापरले. त्यामागे कोणतीही चाचणी नव्हती. प्रचलित वापराची ती नोंद होती. ‘पल्मोनेरिया ऑफिसिनॅलिस’च्या पानांवर पांढुरके ठिपके असतात, ते फुफ्फुसासारखे दिसतात म्हणून ही पाने फुफ्फुसाच्या रोगावर चालतील, असा समज होता. ती दुकानात ठेवली जात असे, त्याचे कारण एवढेच. ‘ग्वायकम ऑफिसिनेल’ या झाडाचे लाकूड सोळाव्या शतकात उपदंशावरचा रामबाण उपाय मानले जाई. उलरिक फॉन हुटेन या जर्मन लेखकाने आपण त्याने बरे झालो असे सांगणारे पुस्तक 1519 मध्ये लिहिले, आणि 1523 मध्ये तो त्याच रोगाने मरण पावला.

याउलट ज्यांच्या गुणाबद्दल शंकाच नाही त्या वनस्पतींची नावे पाहावीत. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरने 1785 मध्ये ज्या डिजिटॅलिस या वनस्पतीचा हृदयरोग्यांवरचा परिणाम नोंदवला, ती ‘पर्प्युरिया’, म्हणजे जांभळी. अफू ‘सोम्निफेरम’, झोप आणणारी. दोघींनाही हे विशेषण मिळालेले नाही. ताईंनी ती पोस्ट दुरुस्त करावी, अशी माझी स्पष्ट मागणी आहे.

वनमाला

तुमचा व्यासंग मान्य आहे, पण शब्दाची व्युत्पत्ती म्हणजे त्याचा आजचा अर्थ, हा तुमचा हट्ट मला मान्य नाही. शब्द जिथून निघतो तिथेच थांबला असता तर कोणतीच भाषा पुढे गेली नसती. इटलीच्या कायद्यात आजही ‘ऑफिसिनाली’ वनस्पती हा स्वतंत्र वर्ग आहे आणि त्यांच्या लागवडीविषयी 2018 मध्ये नवा अधिनियम झाला. त्या देशातले कायदे करणारे लोहारशाळेबद्दल बोलत होते, असे तुम्हाला म्हणायचे आहे काय?

दुसरे असे की, शतकानुशतके एखादी मुळी दुकानाच्या फळीवर टिकून राहते, लोक पुन्हा पुन्हा येऊन तीच मागतात, हासुद्धा एक प्रकारचा पुरावा आहे. ‘गॅलेगा ऑफिसिनॅलिस’चे उदाहरण तुम्ही सोयीस्करपणे टाळलेत. जुन्या युरोपात जास्त लघवी होणाऱ्या रोग्यांना ही वनस्पती देत असत. तिच्यातल्या गॅलेजिन या रसायनावरून संशोधन पुढे सरकले, 1922 मध्ये मेटफॉर्मिन तयार झाले आणि 1957 मध्ये जाँ स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी मधुमेहींवरचे त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज जगभरात मधुमेहाची सुरुवातीची गोळी म्हणून तेच दिले जाते. हे विशेषण पोकळ असते तर हे घडले असते का?

मी आयुष्यभर वर्गात उभी राहून शिकवले. घसा बसला की ‘साल्व्हिया ऑफिसिनॅलिस’च्या, म्हणजे सेजच्या पानांच्या काढ्याने गुळण्या करत आले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर्गात उभी राहिले. तुमच्या शब्दकोशापेक्षा माझ्या घशावर माझा विश्वास जास्त आहे.

औषधनिर्माता

दोघांनीही एक गोष्ट वगळली आहे. औषधनिर्मितीत या विशेषणाला आजही नेमका तांत्रिक अर्थ आहे. फ्रान्समध्ये औषधांच्या दुकानाला ‘ऑफिसीन’ म्हणतात. एखाद्या विशिष्ट रुग्णासाठी डॉक्टरांनी लिहून दिल्याबरहुकूम दुकानात जे मिश्रण तयार होते ते ‘मॅजिस्ट्रल’, आणि औषधसंहितेत, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानक ग्रंथात, किंवा मान्य सूत्रसंग्रहात दिलेल्या ठरलेल्या पद्धतीने तयार करून थेट ग्राहकाला दिले जाते ते ‘ऑफिसिनल’. हा फरक तयार करण्याच्या रीतीचा आहे. त्यामुळे ताईंचे ‘अधिकृत’ अगदीच निराधार नाही; पण ते अधिकृतपण सूत्राला आहे, झाडाला नाही.

मला जो त्रास होतो तो वेगळाच आहे. लोक पुडीवरचे लॅटिन नाव दाखवून विचारतात की, यावर शास्त्रीय नाव आहे, मग तुम्ही हरकत का घेता? रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असलेला माणूस असे विचारतो, तेव्हा त्याला समजावण्यात अर्धा तास जातो आणि तरीही तो पुडी घेऊनच जातो. लॅटिन दिसले की लोकांचा प्रश्न विचारण्याचा उत्साहच संपतो.

लॅटिनचा विद्यार्थी

त्या पुड्यांवरचे लॅटिन तरी शुद्ध असावे! मूळ पोस्टमध्ये आल्याचे नाव ‘झिंजिबर ऑफिसिनॅलिस’ असे छापले आहे आणि इथे अजून कोणी त्यावर बोट ठेवलेले नाही. ‘झिंजिबर’ नपुंसकलिंगी आहे, म्हणून विशेषणही नपुंसकलिंगी हवे: ‘ऑफिसिनेल’. ‘साल्व्हिया’ स्त्रीलिंगी आणि ‘ॲस्परॅगस’ पुल्लिंगी, पण या विशेषणाचे पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी रूप एकच असल्याने दोन्हीकडे ‘ऑफिसिनॅलिस’. ‘चांगला पुस्तक’ असे लिहिणाऱ्याला आपण हसतो, आणि तीच चूक लॅटिनमध्ये केली की ती विज्ञान म्हणून खपते.

त्याच पोस्टमध्ये उसाला ‘ऑफिसिनॅलिस’च्या यादीत बसवले आहे. ऊस म्हणजे ‘सॅकॅरम ऑफिसिनॅरम’. हे विशेषणच नव्हे. हे नामाचे षष्ठीचे अनेकवचन आहे, म्हणजे ‘औषधालयांची साखर’. साखर एकेकाळी औषधविक्रेते तोळ्यामाशाने विकत, त्याची ती खूण.

बागवान

लॅटिनचा विषय निघालाच आहे, तर माझा संताप इथेच नोंदवतो. ज्या लोकांना एखाद्या झाडाचे नाव दोन पिढ्यासुद्धा टिकवता येत नाही, त्यांच्या विशेषणांवर एवढा काथ्याकूट कशासाठी? मी रोझमेरीची रोपे ‘रोझमॅरिनस ऑफिसिनॅलिस’ या नावाने विकली, पाट्या रंगवल्या, नोंदवह्या भरल्या, मदतनिसांना नाव पाठ करायला लावले. आता म्हणतात की ती ‘साल्व्हिया रोझमॅरिनस’ आहे. झाड तेच, वास तोच, फूल तेच. ग्राहक जुने नाव विचारतो, सूचिपत्रात नवे नाव असते, आणि खोटा मी पडतो. एका मोठ्या खरेदीदाराने ‘मागितले ते रोप पाठवले नाही’ म्हणून माझा पूर्ण माल परत केला होता. प्रयोगशाळेत बसून नावे फिरवणाऱ्यांपैकी त्याची भरपाई कोणी देणार आहे का?

वर्गीकार

हा बदल लहर म्हणून झालेला नाही. आनुवंशिक अभ्यासातून असे दिसले की, रोझमेरी ही साल्व्हिया या वनस्पतिगटाच्या वंशवृक्षाच्या आतच उगवलेली फांदी आहे. मग पर्याय दोनच उरतात: साल्व्हियाचे तुकडे करून शेकडो जातींची नावे बदलायची, किंवा आत अडकलेल्या लहान गटांतल्या सुमारे 15 जातींना साल्व्हियात घ्यायचे. 2017 मध्ये वनस्पतिवैज्ञानिकांनी दुसरा पर्याय मांडला, आणि ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने 2019 मध्ये तो स्वीकारला. तुमच्या पाट्या कमीत कमी पुसाव्या लागाव्यात, याचाच तो विचार होता.

आणि याचा मूळ विषयाशी थेट संबंध आहे. साल्व्हियात येताना रोझमेरीला ‘ऑफिसिनॅलिस’ हे विशेषण सोबत आणता आले नाही, कारण ‘साल्व्हिया ऑफिसिनॅलिस’ हे नाव सेजला 1753 पासूनच मिळालेले होते. एका वंशात, म्हणजे नावाचा पहिला शब्द एकच असलेल्या गटात, एकच जात ते विशेषण धारण करू शकते. आता वनमालाताईंच्या नियमाप्रमाणे रोझमेरीचे औषधी गुण 2017 नंतर नाहीसे झाले, असे मानायचे का?

वनमाला

असे मी कुठेही म्हटलेले नाही. विशेषण आहे तिथे औषधी वापर आहे, असे माझे म्हणणे आहे. विशेषण नाही तिथे वापर नाही, असा उलटा अर्थ तुम्ही काढता आहात. आवळ्याला कित्येक पुस्तकांत ‘एम्ब्लिका ऑफिसिनॅलिस’ म्हणतात आणि तुमच्या मंडळींनी तो ‘फायलँथस एम्ब्लिका’ करून टाकला. औषधीपणाची खूण पुसून टाकण्याची ही घाई मला खटकते.

वर्गीकार

हे साफ उलटे आहे. लिनिअसने 1753 मध्ये दिलेले नाव ‘फायलँथस एम्ब्लिका’ हेच आहे. नंतर गार्टनर या वनस्पतिशास्त्रज्ञाने आवळ्यासाठी वेगळा वंश मानला, तेव्हा नाव ‘एम्ब्लिका एम्ब्लिका’ झाले असते, आणि वंशाचे व जातीचे नाव अक्षरशः एकच असणे वनस्पतींच्या नामसंहितेला चालत नाही. तिथे ‘ऑफिसिनॅलिस’ आले. आल्याचेही तसेच आहे. लिनिअसचे नाव ‘अमोमम झिंजिबर’ होते. ‘झिंजिबर ऑफिसिनेल’ हे नाव 1807 मध्ये रॉस्को या वनस्पतिअभ्यासकाने दिले. म्हणजे पुष्कळदा हे विशेषण दुसरे नाव वापरता येत नाही म्हणून जागा भरायला येते. त्यावर आपल्या प्रकृतीचा भरवसा ठेवणे मला भयंकर वाटते.

नाव आणि वस्तू यांची फारकत प्राण्यांतही आहे. ‘हिरुडो मेडिसिनॅलिस’ म्हणजे औषधी जळू. त्या नावाने शस्त्रक्रियेसाठी विकल्या जाणाऱ्या जळवा तपासल्या, तेव्हा 2007 मध्ये उघड झाले की त्यातल्या बहुतेक ‘हिरुडो व्हर्बाना’ या निराळ्याच जातीच्या आहेत. जखमेवरचे साकळलेले रक्त त्या उत्तम शोषत होत्या. ‘औषधी’ हे विशेषण मात्र दुसऱ्याच जळवेकडे राहिले.

बागवान

म्हणजे तज्ज्ञांनाच आपण काय विकत घेतो आहोत ते वर्षानुवर्षे कळले नाही, आणि माझा माल मात्र पाटीवरच्या एका शब्दावरून परत! साहेब, तुमचे तर्कशास्त्र निर्दोष असेल, पण ते राबवताना ज्यांच्या अंगावर खर्च पडतो त्यांना कोणी विचारत नाही. मी पाटी बदलणार नाही.

वर्गीकार

जुने नाव समानार्थी म्हणून कायम नोंदलेले असते, ते कुणीही हिरावून घेतलेले नाही. पाटीवर दोन्ही नावे लिहिता येतात. दोन ओळींची पाटी रंगवायची नाही म्हणून एका संपूर्ण शास्त्रशाखेला दोष देणे हा आळस आहे, आणि मी त्याला आळसच म्हणेन.

बागवान

चार वाजता उठून रोपांना पाणी घालणाऱ्या माणसाला आळशी म्हणण्यापूर्वी तुम्ही एकदा कुदळ हातात धरून पाहा. यापुढे तुमच्याशी बोलण्याची माझी इच्छा नाही.

शब्दशोधक

कृपया दोघेही थांबा. रोझमेरीच्या पाटीवरून धागा भरकटला आहे, आणि ज्या वाक्यामुळे तो सुरू केला ते ‘निर्धास्तपणे घ्यावी’ हे वाक्य तिकडे जसेच्या तसे उभे आहे.

वनमालाताई, गॅलेगाबद्दल माझे उत्तर असे आहे. ती वनस्पती खाऊन मेंढ्या मरतात, आणि गॅलेजिन माणसांना देऊन पाहिल्यावर ते त्रासदायक ठरले. मेटफॉर्मिन हे प्रयोगशाळेत तयार झालेले वेगळे संयुग आहे. जुन्या वापराने संशोधकांना दिशा दाखवली, हे मी मान्य करतो. पण तिथून औषधापर्यंतचे अंतर रसायनशास्त्राने कापले आहे.

निशिगंध

मी इथे सहसा लिहीत नाही. माझ्या आईला गुडघेदुखी होती. एका विक्रेत्याने तिला कॉम्फ्रीची वाळलेली पाने दिली आणि रोज चहासारखी घ्यायला सांगितली. ‘सिम्फायटम ऑफिसिनेल’ असे पाकिटावर ठळक छापले होते, आणि त्याने त्यावर बोट ठेवून सांगितले की नावातच औषध आहे, अपाय होणारच नाही. तिने ती महिनोन्‌महिने घेतली. पोट फुगू लागले, पायांवर सूज आली, डोळे पिवळे झाले. यकृताच्या डॉक्टरांनी सगळ्या गोळ्यांची यादी मागितली, तेव्हा आईने पाने सांगितलीच नाहीत, कारण ती तिच्या लेखी औषध असूनही निरुपद्रवी होती. पाकीट मी स्वयंपाकघरातून उचलून नेले, ते पाहिल्यावर डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘किती दिवस?’ हा होता.

कॉम्फ्रीमध्ये पायरोलिझिडिन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्ये असतात आणि त्यांनी यकृतातल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, हे मला तेव्हा कळले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2001 मध्येच उत्पादकांना कॉम्फ्री असलेली पूरक उत्पादने बाजारातून काढून घ्यायला सांगितले होते. आई वाचली, पण ती पूर्वीसारखी राहिली नाही. वनमालाताई, मी तुमच्यावर आरोप करत नाही. त्या विक्रेत्याचे वाक्य आणि तुमच्या पोस्टमधले वाक्य एकच आहे, म्हणून लिहिले.

वनमाला

निशिगंध, तुमच्या आईबद्दल वाचून मला खरोखर वाईट वाटले. परंतु तो दोष एका अडाणी विक्रेत्याचा आहे. शब्दशोधक ज्या डिजिटॅलिसचे एवढे कौतुक करतात, तिचेही प्रमाण थोडे चुकले तर माणूस दगावतो. मात्रा चुकली की सर्वच औषधे विष ठरतात. मग सारा राग या एकाच विशेषणावर का? आणि ज्या हेटाळणीच्या सुरात इथे परंपरेबद्दल बोलले जाते, तो मला अपमानास्पद वाटतो.

औषधनिर्माता

ताई, फरक असा की, डिजिटॅलिस पाकिटावरचे नाव वाचून कोणी चहात घालत नाही. तिला भ्यावे हे सगळ्यांना ठाऊक आहे. ‘ऑफिसिनॅलिस’ नेमकी तीच भीती काढून घेते, म्हणून राग त्याच्यावर आहे.

‘मेलिलोटस ऑफिसिनॅलिस’, म्हणजे पिवळे गोड क्लोव्हर, हे उदाहरण मी विद्यार्थ्यांना नेहमी देतो. 1920 नंतरच्या दशकात उत्तर अमेरिकेत या क्लोव्हरचे बुरशी लागलेले वाळके गवत खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. 1933 मध्ये विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी मेलेली गाय आणि दुधाच्या बरणीत भरलेले, न गोठणारे रक्त घेऊन कार्ल पॉल लिंक या जीवरसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत पोचला. कित्येक वर्षांच्या खटपटीनंतर त्या गवतातून डायकौमरॉल हे रक्त गोठू न देणारे द्रव्य वेगळे काढता आले. त्याच घराण्यातले वॉर्फरिन 1948 मध्ये उंदीर मारण्यासाठी बाजारात आले आणि 1954 मध्ये माणसांसाठी मान्य झाले. जुन्या औषधविक्रेत्यांनी मेलिलोटस सूज उतरवायला ठेवली होती. रक्त गोठू न देणारा गुण बुरशीमुळे उत्पन्न होतो, आणि तो त्यांच्या गावीही नव्हता.

शब्दशोधकांनी ग्वायकमची जी वासलात लावली आहे, तीही अर्धीच खरी आहे. त्या झाडाने उपदंश बरा झाला नाही हे बरोबर. पण त्याच्या राळेवर रक्ताचा अंश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड पडले की निळा रंग येतो. मलातले न दिसणारे रक्त ओळखण्याची जी तपासणी कित्येक दशके वापरली गेली, ती या राळेवरच चालते. औषध म्हणून नापास झालेले झाड निदानाच्या कामी आले.

शब्दशोधक

ग्वायकमची दुरुस्ती नोंदवून घेतो, जरी तिने माझेच म्हणणे बळकट होते: ज्या कामासाठी त्याला ‘ऑफिसिनेल’ म्हटले होते, ते काम त्याने कधीच केले नाही.

लॅटिनचा विद्यार्थी

आणि ‘झिंजिबर ऑफिसिनॅलिस’ अजूनही तिथे तसेच आहे.

वनमाला

सर्वांचे समाधान व्हावे म्हणून नव्हे, तर निशिगंधच्या आईसाठी मी ‘निर्धास्तपणे घ्यावी’ आणि ‘विज्ञानाची अधिकृत मान्यता’ ही दोन्ही वाक्ये काढते आहे. कॉम्फ्री पोटात घेऊ नये, हे स्वतंत्रपणे लिहिते आहे. आल्याचे लिंगही सुधारले आहे. त्या जागी आता ‘औषधालयात ठेवली जाणारी’ एवढाच अर्थ दिला आहे. त्यापलीकडे मी मागे सरकणार नाही.

शब्दशोधक

‘एकेकाळी औषधालयात ठेवली जाणारी’ असे लिहा. त्या एका शब्दाशिवाय वाचक पुन्हा तिथेच जाईल.

वनमाला

‘एकेकाळी’ लिहिणार नाही. सेजची पाने आणि व्हॅलेरियनचे मूळ आजही युरोपच्या औषधसंहितेत आहेत, औषधनिर्मात्यांना विचारा.

औषधनिर्माता

आहेत. सेजची नोंद तर ‘साल्व्हिए ऑफिसिनॅलिस फोलियम’ या नावानेच आहे. पल्मोनेरियासाठी ‘एकेकाळी’ लिहावे लागेल, सेजसाठी लिहिता येणार नाही. प्रत्येक वनस्पतीपुढे वेगळे लिहावे, आणि ते लिहिण्यासाठी प्रत्येकीची नोंद आधी उघडून पाहावी. ताई, तुमच्या यादीतली नावे मला पाठवा. मी संहितेतून ती तपासून देतो.